सकाळी टाक, संध्याकाळी काढ

लाँड्रीत ताईला बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं, कारण तिथे बसायला काही नव्हतंच. हॉस्पिटलच्या तळघरातली ती लांबलचक खोली, मधोमध तापलेला रोलर. अलीकडे दोघींनी ओली चादर ताणून धरायची आणि आत सरकवायची, पलीकडे दोघींनी ती चटके देणाऱ्या टोकांनी पकडून घडी घालायची. चादर, चादर, चादर, मध्येच उशीचा अभ्रा, पुन्हा चादर. ताई अलीकडची. वयाने सगळ्यांत मोठी, म्हणून सगळ्यांची ताई. मुकादम ओरडायचा तोसुद्धा "ओ ताई!" म्हणूनच.

हल्ली तिचे गुडघे बोलायला लागले होते. घरचा जिना चढताना डावा काहीतरी म्हणायचा आणि उजवा त्याला उत्तर द्यायचा. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरला तिने एकदा दाखवलं. कोट बदलायला खाली आला होता, तेव्हा सापडला.

"उभं राहणं बंद करा," तो म्हणाला.

"मग चादरी काय आडवी होऊन घालू?"

तो हसला, कोट घेतला, गेला. ताई पुन्हा रोलरपाशी.

लाँड्रीच्या टोकाला काचेच्या दाराआड शिवणखोली होती. फाटलेल्या चादरींना ठिगळ, पेशंटच्या झग्यांना नाड्या, कोटांना बटणं, असं तिथलं काम. दोन मशीन, दोन खुर्च्या. त्या खोलीच्या प्रमुख शिवणबाई. त्यांच्या तोंडात कायम टाचण्या असायच्या, त्यामुळे त्या ओठ न हलवता बोलायच्या आणि ऐकणाऱ्याला आपण काही गुन्हा केलाय असं वाटायचं. एक दिवस त्यांनी ताईला काचेआडून बोट वाकवून बोलावलं.

"शिवता येतं?"

"दोन्ही पोरांचे शाळेचे कपडे मीच शिवलेत."

"आमची म्हातारी पुढच्या महिन्यात काम सोडतेय. खुर्ची रिकामी होईल." टाचणी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेली. "पण इथली पाळी दुपारची. धुतलेले कपडे आधी येतच नाहीत हातात. सुटायला आठ वाजतात."

"रात्रीचे आठ?"

"मग काय सकाळचे? आता म्हातारी तीन दिवस रजेवर आहे. बसून पाहा. तिसऱ्या दिवशी हो की नाही ते सांगा. घडीवरची ती नवीन मुलगी रोज येऊन माझं डोकं खाते, तिला काहीतरी उत्तर द्यावं लागेल."

तीन दिवस ताईच्या जागी रोलरवर कुणी मिळणार नव्हतं. म्हणजे सकाळी रोलर आणि दुपारनंतर शिवण, दोन्ही. ताईने मनाशी हिशेब केला: तीन दिवस मरायचं, मग कायमचं बसायचं. सौदा वाईट नव्हता. अडचण एकच होती. संध्याकाळचं जेवण.

"त्यात काय," रेडिओ म्हणाली.

रेडिओ म्हणजे चादरीचं दुसरं टोक धरणारी. तिला बंद करायचं बटण नव्हतं म्हणून हे नाव, आणि तिला ते आवडायचं.

"घरात बाकीची माणसं नाहीत का? करतील की."

"कोण करील? नवरा रंगाच्या दुकानाची गाडी चालवतो, घरी येतो तो कपड्यांना रंग आणि डोक्याला ताप घेऊन. पोरगा टायरच्या दुकानातून परस्पर व्यायामशाळेत. पोरीचं कॉलेज, मग झेरॉक्सच्या दुकानात काम. घरी असतात ते आमचे सासरे. त्यांनी मागे दूध तापत ठेवून झोप काढली होती. पडदा जळला. तेव्हापासून शेगडीला हात लावायला बंदी आहे त्यांना."

"मग शेगडी नकोच. माझ्याकडे एक जास्तीचा स्लो कुकर पडलाय. नणंदेने दिला. तिला तिच्या जावेने दिला होता. खोक्यातून बाहेर न येता अख्खं खानदान फिरून आलाय. तू घेऊन जा, त्याचं लग्न लागू दे एकदाचं."

"त्यात करायचं काय असतं?"

"काहीच नाही, तीच तर गंमत. सकाळी टाक, संध्याकाळी काढ. खाली बटाटे नि गाजरं, त्यांना वेळ लागतो. वर कांदा. त्याच्यावर चिकन. तंगड्या घे हं, छाती नको, दिवसभरात भुसा होतो तिचा. लसूण, मिरी, दोन टोमॅटो, मीठ. पाणी अगदी थोडं, कोंबडी स्वतःच सोडते. झाकण लाव, बटण कमीवर ठेव, विसरून जा. शिजलं की आपोआप नुसतं गरम राहतं."

"मध्ये ढवळायचं?"

"अगं, झाकण उघडायचंच नाही! उघडलंस की वाफ गेली, पुन्हा पहिल्यापासून."

"मग शिजलं की नाही ते कळायचं कसं?"

"पोरं झाली तेव्हा काय मधून मधून उघडून बघत होतीस?"

चादर तिरकी गेली, रोलरवर तिची चुणी पडली, पलीकडच्या दोघी हसून खाली वाकल्या आणि मुकादम ओरडला, "ओ ताई!"

तो कुकर पांढरा, पोट सुटलेला, दोन कान असलेला होता. ताईने तो ओट्यावर ठेवला तेव्हा घरातली सगळी माणसं नवी सून बघायला यावी तशी जमली. नवरा, दाराच्या चौकटीला टेकून. पोरगा, ज्याला दंडामुळे घरात पैलवान म्हणत. पोरगी, जिला जिभेमुळे वकीलीणबाई म्हणत. आणि आप्पा, ताईचे सासरे, ज्यांनी सगळी नोकरी एका मोठ्या कचेरीची लिफ्ट चालवण्यात काढली होती आणि अजूनही कुठल्याही यंत्राचं बटण दिसलं की ते पुढे सरसावत.

"किती शिट्ट्या?" आप्पांनी विचारलं.

"याची शिट्टी होत नाही, आप्पा."

"मग कुकर कसला?"

ताईने सगळ्यांना सांगितलं. खुर्चीचं, पाळीचं, तीन दिवसांचं, झाकण न उघडण्याचं. गुडघ्यांचं सांगितलं नाही, ते जिन्यावर सगळ्यांनी ऐकलेलंच होतं.

"म्हणजे तू संध्याकाळी नसणार?" पैलवानाने विचारलं.

"आठ वाजून गेल्यावर येणार. जेवण इथे तयार असेल, गरम."

"रोज?"

"रोज."

"हं," नवरा म्हणाला. त्याच्या "हं"मध्ये पुष्कळ काही मावायचं. त्यातून हवं ते शोधून काढायची ताईला सवय होती, पण त्या दिवशी ती शोधायला गेली नाही.

पहिल्या दिवशी ती अंधारात उठली. बटाटे सोलले, गाजरं चिरली, कांदा कापताना डोळ्यांतून आलेलं पाणी दंडाने पुसलं. चिकनची कातडी आदल्या संध्याकाळीच काढून ठेवली होती. सगळं एकावर एक रचलं, मीठ हाताच्या अंदाजाने, झाकण, बटण. कुठेही आवाज नाही. तिला जरा चुकल्यासारखंच वाटलं. एवढी वर्षं स्वयंपाक म्हणजे चर्र, फस्स, खण्ण. हे गप्प.

सकाळभर रोलर. दुपारी ती काचेच्या दाराआड गेली आणि खुर्चीत बसली. बसली आणि तिला समजेना की आता पायांचं काय करायचं. पाय खाली लोंबत होते, रिकामे, कामाची पाळी हुकलेल्या माणसांसारखे. शिवणबाईंनी टाचण्यांमधून विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. बसलेय."

"बसा की. त्यासाठीच आहे ती."

तिने सात चादरींना ठिगळं लावली. आठ वाजता उठली तेव्हा गुडघे काहीच बोलले नाहीत. जिना चढताना ती मुद्दाम थांबून ऐकत राहिली. कुरकुर होती, पण कुजबुजीएवढीच.

दार उघडलं. घरभर चिकनचा वास, असा की पोटात खड्डा पडावा. आणि चौघं टेबलाभोवती बसलेले. समोर रिकामी ताटं. कुकर ओट्यावर, झाकण जागच्या जागी.

"जेवलात?"

पैलवानाच्या हातात पावाचा कोरडा तुकडा होता, तो त्याने टेबलाखाली घेतला.

"तुझी वाट बघत होतो," नवरा म्हणाला.

"कशाला? तयार होतं ना?"

"मी म्हटलं होतं," आप्पा म्हणाले, "काही आवाज झाला की बघू. झालाच नाही."

"वास तर येत होता!"

"वास मी आल्यापासून येतोय," वकीलीणबाई म्हणाली. "वेड लागायची पाळी आली. पण आई, उघडायचं कुणी? तूच म्हणालीस ना उघडायचं नाही."

"शिजेपर्यंत नाही!"

"ते तू म्हणाली नाहीस."

ताईने पर्स खाली ठेवली आणि भिंतीला हात टेकला. त्या घरात भांड्याला दुसऱ्या कुणाचा हात लागत नसे, आणि तो नियम तिचाच होता. मुलं लहान असताना नवरा आधी कामाला होता ते दुकान बंद पडलं, वर्षभर दुसरं काम मिळेना, आणि एक कोंबडी दोन दिवस पुरवायची वेळ आली. त्या वर्षी तिने जाहीर केलं होतं, वाढीन ते मी, भांड्यात हात घालील त्याला पळीचा प्रसाद. पैलवानाने खाल्लेला पळीचा प्रसाद मोजण्यापलीकडचा होता. दिवस बदलले, दुसरं दुकान मिळालं, कोंबड्या दोन येऊ लागल्या, पण नियम कुणी मागे घेतला नाही. घेणार कोण? तो तिच्या अंगात बसला होता आणि या चौघांच्याही.

तिने हात धुतले, झाकण उघडलं. मांस हाडावरून आपोआप सुटत होतं. तिने वाढलं. चौघं खाली मान घालून जेवले.

"लोण्यासारखं झालंय," आप्पा म्हणाले. "चावावंच लागत नाही."

"रोज असंच कर," नवरा म्हणाला.

"उद्या तुम्ही वाढून घ्यायचं," ताई म्हणाली. "सात वाजता. मी नसेन. ऐकलं?"

चार माना हलल्या.

दुसऱ्या दिवशी शिवणखोलीत फोन वाजला तेव्हा ताई एका छोट्या झग्याला नाडी लावत होती. मुलांच्या वॉर्डातला झगा होता.

"आई, याने सगळं संपवलं!" वकीलीणबाईचा आवाज एवढा मोठा की शिवणबाईंच्या टाचण्या थांबल्या. "मी आले तर नुसती हाडं! हाडांचा ढीग!"

मागून पैलवान ओरडत होता, "मला काय माहीत किती घ्यायचं? कुणी सांगितलं होतं? व्यायाम करून आलो होतो!"

"व्यायाम केलास म्हणून घरच्यांना खाशील?"

"बटाटे आहेत की!"

"बटाटे तुझ्या दंडाला लाव!"

"हळू," ताई म्हणाली. "बाबा आले?"

"येतायत. आई, तू सांग याला!"

तिने काय सांगायचं होतं? फोनवरून पळी मारता येत नाही. "पाव आणा," एवढं म्हणून तिने फोन ठेवला. पाच मिनिटांत पुन्हा वाजला. नवरा होता.

"अगं, चिकन कुठंय?"

"पोराच्या पोटात."

"हं."

मग तिसऱ्यांदा. यावेळी ताईने उचललाच नाही. शिवणबाई चष्म्यावरून बघत होत्या.

"घरी लहान मुलं आहेत?"

"हो," ताई म्हणाली. "चार."

घरी गेली तेव्हा भांडण विझून गेलं होतं आणि धूर राहिला होता. पैलवान एका खोलीत, वकीलीणबाई दुसऱ्या खोलीत, नवरा बटाटे आणि पाव खाऊन बातम्यांपुढे. आप्पा आपल्या पलंगावर, भिंतीकडे तोंड करून.

"आप्पा, तुम्ही काय खाल्लंत?"

"खाल्लं."

"काय?"

"भूक नव्हती फारशी." ते वळले नाहीत. "पोरांची मारामारी चालली होती. म्हटलं, आपण कशाला मध्ये."

ताई स्वयंपाकघरात गेली. कुकर तळाशी करपून चिकटलेल्या कांद्यासकट तसाच पडला होता. एक गाजर. तिने आप्पांसाठी दूध तापवलं, पाव कुस्करून दिला, ते खाईपर्यंत उभी राहिली. मग बाहेर येऊन खुर्चीत बसली. रडावंसं वाटत होतं, पण रडायलाही थोडी ताकद लागते आणि ती कुठे ठेवलीय ते आठवेना.

नवऱ्याने बातम्यांचा आवाज बंद केला. "अगं."

"काय?"

"नाही जमणार हे. बघतेस ना. सोड ते शिवणकाम. चाललं होतं ते बरं चाललं होतं."

"कुणाचं?"

"म्हणजे?"

"बरं कुणाचं चाललं होतं?"

टीव्हीवर कुणीतरी खूप हातवारे करून बिनआवाजाचं बोलत होतं. आतल्या खोलीचं दार जरा उघडं होतं आणि त्या फटीतून वकीलीणबाईचा अर्धा चेहरा दिसत होता. ताईने तो पाहिला नाही. तिने डोळे मिटले होते. मनात ती शिवणबाईंना सांगायचं वाक्य जुळवत होती: बाई, द्या ती खुर्ची त्या मुलीला. वाक्य सोपं होतं. त्या मुलीच्या घरी बहुतेक सगळे आपल्या हाताने वाढून घेत असतील.

तिसऱ्या दिवशी तिने कुकर भरला तो नुसत्या हातांनी. डोकं अजून उशीवरच होतं. मीठ घातलं की नाही ते दोनदा थांबून आठवून बघितलं. कुणाला काही सांगितलं नाही, चिठ्ठी नाही, तंबी नाही. खाली रस्त्यावर गेल्यावर लक्षात आलं की फोन वरच राहिला, कांद्याच्या सालांखाली. वर जायला जिना होता. तिने जिन्याकडे पाहिलं, गुडघ्यांकडे पाहिलं आणि सरळ चालू लागली.

"आज फोन नाही वाजला," संध्याकाळ व्हायला आली तेव्हा शिवणबाई म्हणाल्या.

"घरी विसरले."

"बरं झालं."

ताईला बरं वाटत नव्हतं. सुई चालू होती आणि डोळ्यांपुढे घर. आता पैलवान आला असेल. आता झाकण उघडलं असेल. आता ती ओरडली असेल. आप्पा भिंतीकडे वळले असतील. एका कोटाचं बटण तिने उलट्या बाजूला लावलं, उसवलं, पुन्हा लावलं. न वाजणारा फोन वाजणाऱ्यापेक्षा जास्त आवाज करत होता.

आठ वाजता शिवणबाईंनी तोंडातल्या टाचण्या एकेक काढून सुयांच्या छोट्या गादीत खोचल्या. टाचण्यांशिवाय त्यांचा चेहरा एकदम साधा, दमलेला दिसला. त्यांनाही ओठ होते.

"मग? हो की नाही?"

ताईचं वाक्य तयार होतं. तोंडापर्यंत आलं. आणि तिला आपले पाय दिसले. सुजलेले नव्हते. तीन दिवसांत एवढा फरक.

"घरी जाऊन फोन केला तर चालेल?"

"आत्ताच काय अडलंय?"

"घर बघायचंय."

शिवणबाईंनी दिवा मालवला. "नऊपर्यंत. त्यानंतर मी त्या पोरीला फोन करणार. सकाळी मुकादमाला नाव द्यायचंय."

जिना चढताना वासाचा पत्ता नव्हता. कुकर चालूच झाला नसेल. बटण फिरवायचंच राहिलं असेल, झोपेत. दिवसभर कच्चं चिकन तसंच पडून नासलं असेल. शेवटच्या चार पायऱ्या ती कठड्याला धरून चढली.

दार पैलवानाने उघडलं. त्याच्या खांद्यावर फडकं होतं. ताईने त्या खांद्यावर फडकं या जन्मात पाहिलं नव्हतं.

"काय झालं?"

"काही नाही. भांडी पुसतोय."

आत टेबल स्वच्छ. ओट्यावर कुकरचं आतलं भांडं धुऊन पालथं घातलेलं, पाणी निथळत होतं. खिडकी उघडी, त्यामुळे वास बाहेर गेलेला. नवरा खुर्चीत मागे रेलून दात कोरत होता. आप्पा त्यांच्या पलंगावर उताणे, दोन्ही हात पोटावर, तृप्त घोरत.

"जेवलात?" ताईने विचारलं. तिचाच तिच्यावर विश्वास नव्हता.

"जेवलो की. कधीच." वकीलीणबाई पुढे आली, साक्षीदार उभा करावा तशी. "मी वाढलं. सगळ्यांना बसवलं आणि मग झाकण काढलं, त्याआधी कुणाला ओट्याकडे फिरकू दिलं नाही. हा आला होता पळी घेऊन, त्याला बाहेर काढला."

"मला कोर्टाबाहेर काढलं," पैलवान म्हणाला.

"आजोबांना मऊ तुकडे काढून दिले. हाडं वेगळी केली."

"हिने चक्क वजनाचा काटा काढला होता," नवरा म्हणाला. "मी म्हटलं, बाई, हे घर आहे, सोन्याचं दुकान नव्हे."

"तक्रार नको होती मला! रस्सासुद्धा पळ्या मोजून दिला. पाव पुसून खाल्ला सगळ्यांनी. भांड्यात काही राहिलंच नाही."

ताई खुर्चीत बसली. पर्स मांडीवर. त्यांच्या चेहऱ्यांकडे ती एकेक करून बघत राहिली. भरलेल्या पोटाचे, जरा उर्मट, खूश चेहरे. परवा हीच माणसं शिजल्या चिकनसमोर कोरडा पाव खात बसली होती.

"छान," ती म्हणाली. "आणि माझं?"

खोलीत असं काही झालं, जसं नाटकात दिवे भलत्याच वेळी जावेत.

"तुझं काय?" पैलवानाने विचारलं.

"जेवण."

"मी वाटे केले ना," वकीलीणबाई म्हणाली. आता तिचा आवाज कोर्टातला नव्हता. "नीट केले. आजोबा, बाबा, हा, मी." एकेक नाव घेत तिने एकेक बोट मिटलं. चार बोटं मिटली. अंगठा तसाच उभा राहिला. ती त्या अंगठ्याकडे बघत बसली.

नवऱ्याच्या हातातली काडी तोंडापाशी थांबली.

"आई, मी... तू तिकडे खात नाहीस?"

"कुठे तिकडे?"

"मला वाटलं... म्हणजे मी विचारच..."

तिचा काय दोष? तिने आईचं ताट कधी पाहिलंच नव्हतं. ताई सगळ्यांना वाढायची, मग पाणी, मग आणखी पाव, मग आप्पांची गोळी, आणि सगळे उठून गेले की मोरीशेजारी उभी राहून भांड्यातच पावाचा तुकडा फिरवायची. तेच तिचं जेवण. ते ज्या भांड्यात असायचं ते आज घासून पालथं घातलं होतं.

ताई हसायला लागली. आधी नुसत्या खांद्यांनी, मग नाकातून, मग आवाज फुटला. पोट रिकामं असल्यामुळे हसू आत घुमत होतं. दुखत होतं. तिला खरंच वाईट वाटलं होतं, आत कुठेतरी टोचलं होतं, नाही असं नाही. एवढ्या मोजमापात आपण कुणाच्या हिशेबातच नाही. पण त्याच्याच बरोबर एक मोठी, जड गोष्ट अंगावरून उतरत होती. हे चौघं तिच्यावाचून जेवले होते. भांडी घासली होती. म्हाताऱ्याला हाडं काढून दिली होती.

"आई रडतेयस का?" पैलवानाने घाबरून विचारलं.

"नाही रे."

"मग?"

"फोन कुठंय माझा?"

वकीलीणबाईने फ्रिजवरून फोन आणून दिला. त्याला कांद्याचा वास येत होता. ताईने नंबर लावला. पलीकडून शिवणबाईंचा आवाज आला, टाचण्यांवाचून.

"बोला."

"हो म्हणून सांगायचं होतं."

"नक्की?"

"नक्की."

"घर बघितलंत?"

"बघितलं. सगळं संपवलंय. मला काही ठेवलं नाही."

मग शिवणबाईंना समजलं की नाही कोण जाणे, पण त्या म्हणाल्या, "बरं. एक तारखेला दुपारी या. डबा आणा."

फोन ठेवला तोवर स्वयंपाकघरात धावपळ उडाली होती. नवरा अंडी शोधत होता, फ्रिजच्या दारातच होती ती त्याला दिसत नव्हती. पैलवान "मी खालून काहीतरी आणतो, पळत जातो" म्हणत चपला घालत होता आणि वकीलीणबाई त्याला "तू आणशील त्यातलं अर्धं जिन्यात खाशील" म्हणून अडवत होती. शेवटी नवऱ्याने तवा शेगडीवर ठेवला. तीन काड्या ओढल्या तेव्हा शेगडी पेटली.

"तेल," वकीलीणबाई म्हणाली.

"माहितीय."

"आधी तेल, मग अंडं."

"माहितीय म्हटलं ना!"

अंडं फुटलं ते अर्धं तव्यात आणि अर्धं ओट्यावर. नवऱ्याने ताईकडे बघितलं. ताईने खिडकीकडे बघितलं. तिचे हात पर्सवर होते आणि ते उठून पुढे जायला बघत होते, वर्षानुवर्षांची सवय ती, तिने ते पर्सच्या पट्ट्यात गुंतवून ठेवले. दुसरं अंडं नीट पडलं. कवचाचा एक तुकडा सोडून.

"उद्यापासून पाच वाटे," वकीलीणबाई हळूच म्हणाली. आईच्या मागे येऊन उभी राहिली होती.

"हं," ताई म्हणाली.

"आणि आजचं..."

"भूक लागलीय गं मला. नंतर बोल."

तव्यात चर्र होत होतं. धूर जरा जास्तच होत होता. आप्पांनी झोपेत कूस बदलली. नवऱ्याने मिठाचा डबा उघडला, चमचा घातला, बाहेर काढला, पुन्हा घातला.

"अगं, मीठ किती घालू?"

"चाखून बघा," ताई म्हणाली. आणि उठली नाही.